बंदीतली ताजी सुरमई

गेल्या जुलैत जेटीजवळच्या सुर्वेंच्या खानावळीत माझं भांडण झालं, ते सांगतो. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, आणि यांच्या फळ्यावर 'आजची ताजी सुरमई'!

"सुर्वे, ही सुरमई चालत आली काय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

शेजारच्या टेबलावरून पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एकदम ताजी आहे. आम्ही दुसऱ्यांदा मागवली."

सुर्वे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बर्फातली म्हटलं की गिऱ्हाईक उठतं वो. बंदीत मी दार लावू काय?"

"लावा. पण खोटं लिहू नका."

सुर्वेंनी 'ताजी' पुसून 'बर्फातली' लिहिलं. पुणेकरांनी फळा वाचला, अर्धी ताटं तशीच सोडली आणि कुटुंबासकट निघून गेले. दारात आलेली माणसंही परत फिरली.

"झालं समाधान?" सुर्वे म्हणाले. फळ्याला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

बंदी उठेपर्यंत मी रोज तिथेच जेवलो. सुरमई बेचव होती, वाढायलाही उशीर व्हायचा. जन्मभर वर्तमानपत्रात लोकांच्या तक्रारी छापल्या, पण तिथे मी एकदाही तोंड उघडलं नाही.