मागे न वळता

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या मागे एक नवरा-बायको बसले होते. मी त्यांना पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

“मान कशानं दुखते विचारलं, तर काय सांगणार?”

“गाडी शिकवताना मागे वळलो, चमक भरली.”

“आणि सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून रोज झोपता, ते?”

“ते विचारलं तर.”

“मान वाकडी करून, फोन खांद्यात धरून दाढी करता, ते?”

“अगं, तू माझ्या बाजूची की दुखण्याच्या?”

“तुमच्या! परवा शिकवणीच्या गाडीनं फाटक पाडलंत. मान वळत नसेल तर दुसरा मास्तर बघतो, म्हणालेत मालक.”

“फाटक त्या शिकाऊ मुलीनं पाडलं. मी फक्त ‘मागे मोकळं आहे’ म्हणालो.”

“न बघता!”

“वीस वर्षं ओरडतोय, ‘आरशावर विसंबू नका, मान वळवा.’ आता माझाच खांब झालाय.”

“म्हणून म्हणते, खरं काय ते सांगा. आणि ताठ बसा. त्या पुढच्या बाई बघा, अर्ध्या तासात मान तसूभर हलली नाही. याला म्हणतात बसणं!”

तेवढ्यात डावीकडून माझा नंबर पुकारला. मी उठले आणि छोटी छोटी पावलं टाकत अख्खीच्या अख्खी डावीकडे वळले.



“सोफा?” मागून मास्तरांनी हळूच विचारलं.

“मायक्रोस्कोप,” मी समोरच्या दाराला सांगितलं. “रोज आठ तास.”