काकूंच्या कॉलरी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर झालीस आणि तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत काकूंनी शिवलेल्या कॉलरी उसवून परत शिवत बसलीस?”

“मग काय करू, वहिनी? मशीनवर बसायला त्यांनीच शिकवलं मला. कुठल्या तोंडाने सांगणार, तुमची शिलाई वाकडी जातेय म्हणून?”

“आणि काल सापडलीस.”

“रंगेहाथ! डबा तसाच बंद आणि हातात त्यांची कॉलर. म्हटलं, आता माझी खैर नाही.”

“ओरडल्या?”

“चांगल्याच. म्हणाल्या, ‘मला दोरा दिसेनासा झालाय आणि तू गुपचूप झाकत बसलीस? मी आपली खूश, हात अजून बरा चालतोय म्हणून!’”

“अगं बाई! मग?”

“मग रडल्या. मग माझ्याच डब्यातलं अर्धं खाल्लं आणि म्हणाल्या, ‘उद्या सुट्टी दे, आणि डोळे तपासायला सोबतही तूच चल.’”

“सुटलीस एकदाची!”

“खरंच वहिनी. काल रात्री गाढ झोपले.”

आतलं दार उघडलं. तपासणीची जडशीळ फ्रेम नाकावर तशीच ठेवून काकू बाहेर आल्या, चार पावलं चालल्या, सुपरवायझरसमोर थांबल्या आणि तिच्या ड्रेसची बाही चिमटीत धरली.

“ही बाही कोणी लावली?”

“मीच, काकू.”

“उसव.”