वरातीच्या घोडीले आराम

आराम, म्हने! घोडीले आराम द्या, म्हने! आता तुमाले सांगतो, माणसाले आराम सांगतला तं माणूस लगेच आडवा होते, पंखा लावते, चाय मागते... पण घोडीले, अन् ते बी वरातीच्या घोडीले, ऐन लग्नसराईत आराम द्याचा म्हणजे काय असते, हे त्या डॉक्टरले काय माहीत? तो आपला सांगून, मोटरसायकलले किक मारून सेलूले निघून गेला. मांगं राह्यलो मी, बायको देवका, अन् तीन पायावर उभी असलेली मैना.

मैना म्हणजे माही घोडी. पांढरी शुभ्र. नव्व्याण्णव सालची गोष्ट सांगून राह्यलो मी. तवा आमच्या सिंदी रेल्वे गावापासून नालवाडीपर्यंत कोन्ताबी नवरदेव घ्या, मैनेच्याच पाठीवर बसून गेला असन. बँड वाजला का अशी नाचे का लोकं नवरदेवाकडे पाहेच ना! अन् नाचता नाचताच झालं ना ते... एका मांडवाच्या दारात कोन्या शहाण्यानं खांबासाठी गड्डा खांदला अन् खांब गाडला दुसरीकडेच, मैनेचा पाय त्याच्यात गेला, मुरगळला, खुराच्या वरचा सांधा हा असा सुजला. नवरदेवाले खाली उतरवलं, तं तो म्हणते माहा फेटा कुठी हाये. अबे, फेट्याचं काय घेऊन बसला बावा, माह्या घोडीचा पाय गेला ना!

डॉक्टरनं दाबून पाह्यलं. म्हने, "पुंडलिकराव, हाड शाबूत हाये, नुसती मुरगळ हाये. थंड्या पाण्याची धार सोडा, कापूस लावून पट्टी बांधा, पहिले उभी ठेवा, मंग हळूहळू मऊ मातीवरून चालवा. पण मधात नाचली, तं जनमभराची लंगडी."

म्हनलं ठीक हाये. पाण्याले विहीर हाये, कापसाची सिंदीत काय कमी? सकाळ-संध्याकाळ मी धार सोडू, देवका पट्टी बांधे. लोकं येत, सल्ला देत. एक म्हने बिब्बा लावा, एक म्हने तापवलेल्या लोखंडाचा डाग द्या. म्हनलं, लोखंड तापव, पहिले तुलेच देतो. तो काही परत आला नाई.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला का, मंगल कार्यालय! रोज लग्न, रोज बँड! तिकडे बँडवाल्यानं ढोलावर टिपरू हानलं का इकडे खुंट्याले मैना सुरू. पट्टी बांधलेला पाय हवेत, मान वाकडी, घुंगरं नाई तं नाई पण तोरा पुरा. आराम, म्हने... घ्या आराम! कानात कापूस कोंबला, तिनं झटकून फेकला. देवकाचा मफलर बांधला, तिनं खाऊन टाकला.

मंग मी अक्कल चालवली. पुंडलिकची अक्कल, भाऊ, अशी तशी नाई! बँड सुरू झाला का धावत जाऊन मैनेचं तोंड धरू, थोपटू, अन् पाय जमिनीवर ठेवून गुमान उभी राह्यली का गुळाचा खडा देऊ. नाचली, गूळ नाई. उभी राह्यली, गूळ. हुशार जनावर, लवकरच उमगली. बँड वाजे, अन् मैना देवळातल्या नंदीवानी उभी! देवका म्हने, "अवो, तुमी घोडी सुधारून राह्यले का बिघडवून राह्यले?" तिले काय समजते, म्हनलं.

सूज उतरली. डॉक्टर म्हने आता चालवा. चालवा कसं? आराम करून करून मैनेले आरामाचीच गोडी लागली, अन् पाय टेकवाची भीती बसली ते वेगळंच. वावराकडच्या पांदनीतल्या मऊ मातीत नेलं, तं एक पाऊल टाके अन् उभी. ओढलं, उभी. हातापाया पडलो, उभी. तवा देवकानं तिच्या मानेवर हात ठेवला अन् पाळणा म्हनाले लागली. आमच्या घरी पाळणा कधी हलला नाई, पण साऱ्या गावच्या बारशाले पाळणा म्हनाले देवकाच लागते. तं देवका म्हणे, अन् मैना एकेक पाऊल टाके... चारही पाय सरळ! मी तिथंच पांदनीत बसून रडलो, लपवत नाई. मंग रोजचंच झालं. हळूहळू मीबी पाळणा शिकलो. आवाज माहा बेडकावानी, पण मैनेले चाले.

इकडे कापसाचे व्यापारी प्रभाकरराव मांगं लागलेले. त्यायच्या धीरजचं लग्न, अन् तो भित्रा पोरगा मैनेशिवाय कोन्त्याच घोडीवर बसे ना. रोज येत, थोडंसंच तं लंगडते, चालन, म्हणत. मी म्हनलं, जोवर डॉक्टर हो म्हणत नाई, तोवर प्रत्यक्ष इंद्राची वरात असली तरी नाई! अन् लग्नाच्या आदल्या दिवशी डॉक्टरनं हो म्हनलं. माही छाती अशी फुगली!

वरात निघाली. धीरज वरते बसला. बँडवाल्यानं फुंकर मारली... अन् मैना जागेवर उभी. बँड जोरात, मैना अजून घट्ट उभी, अन् नाक माह्या खिशात. गूळ मांगून राह्यली! मांगून ढकललं, पुढून ओढलं, मुहूर्त चालला टळून, प्रभाकरराव लाल, धीरज वरून म्हणते काका, उतरू का? काय करता? बँड बंद करवला. लगाम धरला, डोळे मिटले, अन् भर रस्त्यात, तुतारीवाल्यायच्या पुढं, मी पाळणा धरला.

निघाली ना मैना! अशी निघाली का काय सांगू! मांगं बँडवाले ढोल-तुताऱ्या खांद्यावर टाकून गुमान चाललेले. मांडवाच्या दारात नवरीची आजी, चतुराबाई, आरतीचं ताट घेऊन उभी. तिनं ऐकलं, अन् म्हने, "काऊन गा, नवरदेव अजून मांडवात यायचा हाये, अन् पाळणा आधीच?" सारा मांडव हसून लोटपोट. धीरजचं तोंड फेट्यापेक्षा लाल.

पुढं वर्षभरानं त्याच धीरजच्या पोरीचं बारसं झालं. प्रभाकररावायनं कौतुकानं मैनेलेबी बोलावलं, हार घातला, दारात बांधली. आत बायायनं पाळणा धरला... अन् बाहेर मैना चालाले लागली! खुंटा उपटून, हार घालून, थेट सेलूच्या रस्त्यानं! मी मांगं धावून राह्यलो, बाया आत गाऊन राह्यल्या, पाळणा मधात कसा तोडन कोनी? शेवटी काय करता... घोडी थांबवाले बँड बोलवा लागला.