चेहऱ्याचा लेप

—नाही नाही, जावईबापू, उठू नका, बसा निवांत. मी दाराशी राखणीला आहे. संडासाबाहेरच्या चपला बघूनच ओळखलं, आत कोण ते. बोलूही नका, जोर तिकडे लावा, नुसतं ऐकलंत तरी पुरे. तुमचं गुपित कळलंय मला. कसं? तर दाढीचा ब्रश लपवायला तुमची बॅग उघडली — नातजावयाची गंमत आजेसासऱ्यानं नाही करायची तर कुणी — आणि आत अख्खं औषधाचं दुकान. पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या, आल्याची पूड, वर पोटात चांगले जंतू सोडायच्या कॅप्सुली. घरचे जंतू कमी पडले म्हणून पाहुणे बोलावलेत. सगळ्यांवर हिरवं पान छापलेलं, म्हणजे नैसर्गिक. धोतऱ्यालाही पानं असतात म्हणा. पुदिन्याची एक मी खाऊन बघितली — खाल्ली म्हणजे चावली — तर घशात बर्फ पेटला हो. मग चिठ्ठी वाचली : अख्खी गिळावी. अक्षर मुंगीच्या पायाएवढं.

चेष्टा राहू दे. डॉक्टरनं सांगितलं असेल ना, आतडं हळवं आहे, बाकी धडधाकट? मग लाज कसली? तुम्ही अर्ध्या ताटावरून उठता, आणि माझी नात स्वयंपाकघरात डोळे पुसते. तिला वाटतं, तुम्हाला आमचं घर आवडत नाही, आणि ती तर त्याहून नाही. काल आईला म्हणाली, त्यांना एकट्यालाच परत जाऊ दे, मी इथंच राहते. घ्या. पोट तुमचं आणि मुरडा तिला. तेव्हा बाहेर आलात की आधी तिला सांगून टाका. हसायची नाही ती. कोणत्या तोंडानं हसेल? तिच्या कपाटात इसबगोलाचा डबा आहे, वर चिठ्ठी — 'चेहऱ्याचा लेप'. लेप म्हणे. झोपताना ग्लासभर पाण्यातून लेप पिते पोरगी, तुम्हाला कळू नये म्हणून. हे मी बोललो नाही बरं का.

अं? कोण आहे मागं? जावईबापू, तुम्ही... अनवाणी? केव्हापासून उभे आहात? लेपापासून? की बॅगेपासूनच? मग तुमच्या चपला दाराशी काढून आत कोण —

आत हसतंय वाटतं कुणीतरी. की रडतंय? दोन्ही. बरं. कडी निघतेय, तुम्ही पुढं व्हा, तिच्याशी बोला. मी जरा शेजारी जाऊन येतो. नाही, गप्पा मारायला नाही. ती चावलेली गोळी आता खाली उतरलीय.