खंडेनवमीचा सर्व्हर

आमच्या सर्पमित्रांच्या वेबसाइटवरून मी आणि अण्णा किती भांडलो, विचारू नका. गावोगावच्या सर्पमित्रांचे नंबर तिच्यावर, आणि ती चालायची अण्णांच्या कुपवाडच्या लेथ कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर! मी म्हणायचो, भाड्याच्या सर्व्हरवर टाकू. अण्णा म्हणायचे, “घरचं मशिन असताना भाड्याचं कशाला रं?”

खंडेनवमीला साताऱ्याहून मावशीचा फोन. “न्हाणीत नाग शिरलाय, आन् तुमची साइट उघडंना!” तिकडचे नंबर माझ्याकडे नव्हते. अण्णा फोन उचलेनात. विश्रामबागेतल्या घरून गाडी काढली ती थेट कारखान्यात. बघतो तर लेथच्या शेजारी कॉम्प्युटरही बंद. वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार!

“अण्णा, आधी चालू करा!”

“पूजा झाल्यावर आज मशिनला हात लावायचा नसतो गड्या.”

“आवं, पण नागाला सुट्टी न्हाई!”

अण्णांनी हात जोडले, हार काढला आणि स्वतःच बटण दाबलं. नंबर मिळाला, तिकडच्या सर्पमित्रानं नाग धरला, मावशी न्हाणीत जायला मोकळी झाली. दिवाळीच्या आत साइट भाड्याच्या सर्व्हरवर. जिंकलो मीच!

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला.

“त्या भाड्याच्या मशिनचा एक फोटो मागवून घे रं. उद्या हार घालायला समोर कायतरी नको व्हय?”