श्री. तुषार रिसबूड हयात असल्याबद्दल

जबाब, दिनांक १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार, सकाळी ११.४०. पोलीस ठाणे, उज्जैन.

नाव: सौ. पल्लवी तुषार रिसबूड. वय: ४६ वर्षे. व्यवसाय: घरकाम, शिवाय फ्रीगंजातल्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम. राहणार: माधव नगर, उज्जैन.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, मला हिंदी चांगलं येतं, माझं सगळं शिक्षण हिंदीतच झालं. पण हे मला मराठीतच सांगायचं आहे. हवालदार तेलंग साहेब मराठी आहेत, ते लिहून घेत आहेत. हिंदी नक्कल मागून लागेल. मी बोलते तसंच लिहा, असं मी त्यांना सांगितलं आहे. मी कालही आले होते, पण काल महाकालच्या सवारीचा, म्हणजे श्रावणातल्या मिरवणुकीचा, बंदोबस्त होता, म्हणून आज परत आले.

माझी तक्रार कोणाविरुद्ध नाही. साहेबांनी सवयीने हिंदीतच दोनदा विचारलं, "किसी के ख़िलाफ़ तो होगी?" नाही. माझे पती श्री. तुषार शरच्चंद्र रिसबूड, वय ५०, जिवंत आहेत, एवढं मला सरकारी कागदावर लिहून हवं आहे.

हे देवासला एका कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. मार्च २०२४ मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हापासून यांना नोकरी नाही. क्रेडिट कार्ड आधीपासून होतं. आधी मुलीच्या कॉलेजची फी त्यावर भरली, मग किराणाही त्यावरच येऊ लागला. त्या वर्षी गणपतीची वर्गणीसुद्धा यांनी कार्डावरून पैसे काढून दिली, तीही दरवर्षीपेक्षा पाचशे जास्त. नोकरी गेल्याचं आपल्या लोकांत कळू नये म्हणून. मी म्हटलं, घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! साहेब, तुम्हाला नाही, म्हणच तशी आहे. साहेब हसले, हेही लिहा.

पुढे बँकेने दावा लावला. तीन लाख शहाऐंशी हजार रुपये.

दिनांक १० जून रोजी मंगळवारी वटपौर्णिमा होती. इथल्या बायकांची वडाची पूजा अमावास्येलाच होऊन जाते, त्यामुळे वडापाशी आम्ही मराठी पाच-सहा जणीच होतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी ताट घेऊन घरी परत आले. फाटकात कोर्टाचा माणूस समन्स घेऊन उभा होता आणि हे त्याच्या कागदावर सही करत होते. मला वाटलं, समन्स घेतलं, बरं झालं, एकदाचं तोंड द्यायची हिंमत झाली. तेवढ्यात तो माणूस मला हात जोडून म्हणाला, "भाभीजी, आपके जेठजी का सुनकर दुख हुआ."

मला जेठजी नाहीत. यांना भाऊच नाही, सख्खा नाही, चुलत नाही. यांनी त्या माणसाला सांगितलं होतं की तुषार रिसबूड माझे बड़े भाई थे, होली के बाद गुज़र गए. सही केली होती अनिकेत रिसबूड म्हणून.

मी हातात ताट घेऊन उभी होते. सूत गुंडाळून, हाच नवरा जन्मोजन्मी मिळू दे म्हणून आत्ताच मागून आले होते. मी त्या माणसाला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. यांच्याकडे फक्त बघितलं. तो माझा गुन्हा आहे, तो लिहा.

तो गेल्यावर हे म्हणाले, "सात जन्म मागून आलीस ना? त्यातला एक संपला समज." मी म्हटलं, जळ्ळं मेलं ते बोलणं! आणि रडले. त्या दिवशीचा उपास मी तसाच पुढे दोन दिवस ओढला.

पण खरं सांगते, हे त्यानंतर सुधारल्यासारखे वाटले. झोप लागायला लागली. वसुलीवाल्यांचे फोन यायचे ते सिमच काढून टाकलं. मग अर्ज करणं सोडलं. दाढी करणं सोडलं. मी टोकलं तर म्हणाले, मेलेल्या माणसाला दाढी कशाला. आधी मीही हसले होते. जुलैपासून हसणं बंद केलं.

दिनांक १४ ऑगस्ट रोजी बँकेच्या वकिलाचं रजिस्टर पत्र आलं, माझ्या नावाने; कार्डाच्या अर्जात पत्नी म्हणून माझं नाव आहे. "श्रीमती पल्लवी, विधवा स्व. तुषार रिसबूड." वारस म्हणून मला दाव्यात घेणार, मृत्यूचा दाखला द्या, पुढची तारीख ३ सप्टेंबर. मी ते पत्र दारातच उभ्याने वाचलं. कपाळाला हात लावून पाहिला, कुंकू आहे ना म्हणून. खुळेपणा, दुसरं काय.

हे म्हणाले, चौकशीला कोणी आलं तर तेवढ्यापुरतं कपाळ मोकळं ठेव. मी म्हटलं, माझी मान कापा, पण हे सांगू नका. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, यांच्यावर मी इतकी कधीच ओरडले नव्हते.

रविवारी दुपारी यांनी कपाट आवरलं. विम्याचे कागद, गॅसचं पुस्तक, बँकेची पासबुकं, सगळं एका फाइलीत लावलं आणि मला जवळ बसवून समजावलं, काय कुठे आहे ते. आवाज अगदी शांत होता. मग त्याच वकिलाच्या पत्राच्या पाठीमागे यांनी वजाबाकी केली. विम्याचे नऊ लाख, त्यातून तीन लाख शहाऐंशी हजार गेले. उरलेल्या रकमेखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "मृण्मयीचं शिक्षण होऊन जाईल." मृण्मयी आमची मुलगी, इंदूरला शिकते. तिला यातलं काही माहीत नाही.

पुढचं मी बोलणार नाही. साहेबांना कळलं आहे, त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

रविवारपासून मी यांना एकटं सोडलेलं नाही. रात्री यांच्या सदऱ्याला माझ्या पदराची गाठ मारून झोपते. कालही बरोबर आणलं होतं, आजही आणलं आहे. बाहेर बाकावर माझी पर्स सांभाळत बसले आहेत.

साहेबांनी मला समजावलं की उधारीपायी कोणी जेलमध्ये जात नाही, हजर राहून नोकरी नाही हे सांगता येतं, हप्ते मागता येतात. खोटं सांगितलं ते वेगळं, त्याचा जाब द्यावा लागेल. मी म्हटलं, देऊ. दंड होवो, काय व्हायचं ते होवो. मशीन आहे, हात आहेत, मी आणखी साड्या आणीन. पण आधी माझा माणूस कागदावर जिवंत करा. कागदावरचं मरण हळूहळू यांच्या अंगात शिरतंय, आणि मला एकटीला ते अडवता येत नाही.

जबाब साहेबांनी मला सुरुवातीपासून वाचून ऐकवला. माझं म्हणणं आहे तसंच उतरलं आहे. पतीवर ओरडले तिथे साहेबांनी "रागाने" असं लिहिलं होतं. राग नव्हता, भीती होती. तो शब्द मी काढायला लावला. बाकी सर्व खरं आहे.

सही: सौ. पल्लवी तुषार रिसबूड

साक्षीदार, बाहेरच्या बाकावरून बोलावून, वरील जबाब त्यांना वाचून दाखवल्यावर:

नाव: तुषार शरच्चंद्र रिसबूड. वय: ५० वर्षे. व्यवसाय: "खासगी नोकरी" असे लिहून स्वतः खोडले, खोडल्याजागी सही. सध्या नोकरी नाही. जबाब देणारी माझी पत्नी आहे. १० जून रोजी समन्सवर अनिकेत नावाने सही मी केली. तसा भाऊ मला नाही. विम्याची फाइल आज पत्नीच्या ताब्यात देतो. ३ सप्टेंबर रोजी कोर्टात मी स्वतः हजर राहीन, दाढी करून.

सही: तुषार शरच्चंद्र रिसबूड