नवऱ्या मुलाच्या नावाभोवतीची चौकट

छापखान्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या ताईच्या लग्नपत्रिकेचं सांगतो. पासष्ट-सहासष्ट साल असेल. आमचे अण्णा तळेगावला शाळामास्तर. पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि खुणाही स्वतःच्याच केल्या. शब्दाखाली रेघ असेल तर अक्षर मोठं, भोवती चौकट असेल तर ठळक. नवऱ्या मुलाच्या नावाला त्यांनी मोठ्या कौतुकाने चौकट काढली. लोणावळ्याच्या छापखान्यात या खुणांचा अर्थ सांगायचं मात्र राहून गेलं.

कंपोझिटरने नावाभोवती खरोखरच काळी चौकट छापली. मुलाकडचा गठ्ठा छापखान्यातून परस्पर मुलाच्या गावी, भाज्याला गेला.

कळताच अण्णा धावले. मुलाची आई दारातच उभी होती.

"मास्तर, जित्या पोराच्या नावाला काळी चौकट?"

"विहीणबाई, मला फक्त अक्षर ठळक हवं होतं. मी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून देतो."

"माजा थोरला गेला, तवा त्याच्या दहाव्याच्या पत्राला अशीच चौकट हुती. आता ह्यो एकच उरलाय. न्हाई, आमाला ही सोयरीक नगं."

मुलगा आईच्या मागेच उभा होता.

लग्न मोडलं. आळीतल्या बायका येऊन ताईजवळ बसायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. एकदा त्या उठून गेल्यावर ताईने विचारलं,

"अण्णा, चौकट त्यांच्या नावाला होती ना? मग या सगळ्या मला का भेटायला येतात?"